चौथ्या नंबरचा पेशंट

मंडळी, आधी चहाचा घोट गिळून घ्या, मग ऐका. मागे हा किस्सा सांगत होतो तेव्हा आमच्या एका मित्राच्या नाकातून चहा आला होता, आणि शर्ट धुवायला वहिनींनी माझ्याकडे पाठवून दिला होता.

माझं एक मत आहे. माणसानं गाढवपणा जरूर करावा, पण शिस्तीत करावा. मी केला तो पूर्ण शिस्तीत केला. खरं म्हणजे शिस्त होती म्हणूनच तो झाला!

आधी हा दात बघा. वरचा, पुढच्या दोघांच्या उजवीकडचा. खोटा वाटतो का? नाही ना? आत टायटॅनियमचा स्क्रू आहे, थेट हाडात रुतलेला. माझे बाकीचे दात याच्यापुढे निव्वळ कंत्राटी कामगार. हा एकटाच कायम! मी गेल्यावर राख सावडताना तो सापडेल, जपून ठेव, असं मी आमच्या सौभाग्यवतींना सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "बघू तेव्हा."

जुना दात गेला तो भर सभेत. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर शनिवारी संध्याकाळी मी पुस्तक वाचून दाखवतो. बाकीचे ऐकतात. काही जण झोपतात, पण ऐकता ऐकता झोपतात. तर एका लांबलचक वाक्याच्या शेवटी पूर्णविरामाऐवजी दातच पडला. आधी हलत होताच, मीच दुर्लक्ष केलं होतं.

दात गेला त्याचं दुःख नाही हो. पण त्या फटीतून हवा जायला लागली! 'स' म्हटला की शिट्टी. 'समाजसुधारक' म्हटलं की दोन शिट्ट्या. श्रोत्यांतल्या एका आजी दचकून म्हणाल्या, "अगबाई, माझा कुकर!" पुढच्या शनिवारपासून वाचन नेन्यांकडे गेलं. नेने वाचतात, म्हणजे त्यांना अक्षरओळख आहे. एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करावी तसं ते करुण प्रसंग वाचतात. मी पहिल्या रांगेत बसून ते ऐकत होतो. यापेक्षा मोठी शिक्षा कुठल्या कायद्यात नाही.

खुर्ची परत मिळवायची तर दात हवा. कवळी मला नको होती. बत्तिशीतला एक गेला म्हणून ती दर रात्री पाण्यात ठेवायची काढघाल कोण करणार? म्हणून इम्प्लांट करायचं ठरलं.

सदाशिव पेठेत पहिल्या मजल्यावर केतकी मॅडमचा दवाखाना आहे. वयानं माझ्या मुलीएवढी, पण हुशार बाई. तिनं नीट समजावलं. "काका, आधी स्कॅन. मग जबड्याच्या हाडात छोटा स्क्रू बसवायचा. ते काम मी करत नाही, सांगलीहून आमचे सर्जन पाटील सर येतात. अधूनमधूनच येतात, म्हणून त्यांची तारीख सांभाळावी लागते. मग काही महिने हाड त्या स्क्रूला धरेपर्यंत थांबायचं. धरलं की त्यावर दात मी बसवणार."

"लागतं का?" हिनं विचारलं. मी विचारलं नव्हतं, हे नोंदवून ठेवा. मला माहीत करून घ्यायचंच नव्हतं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं! भीती वाटत होती. पहिल्या तारखेला मी ब्लडप्रेशर काढलं. दुसऱ्या तारखेला पितृपंधरवडा काढला. तिसरी तारीख आली तेव्हा ही शांतपणे म्हणाली, "अहो, आता धनुर्मास यायला अवकाश आहे. आज परत फिरलात तर मी मॅडमना सरळ कवळीचं सांगणार." तिचा तो शांतपणा मी लग्नापासून ओळखतो. आज नाही तर कधीच नाही, हे मलाही कळत होतं. पुन्हा एवढं धैर्य गोळा होणं माझ्या हातात नव्हतं.

माझा स्वभाव असा, की भीती वाटली की मी अभ्यास करतो. पंधरा दिवस मी इम्प्लांटचा अभ्यास केला. पत्रकं वाचली, नातीनं मोबाईलवर चित्रफिती लावून दिल्या त्या पाहिल्या, निम्म्या डोळे मिटून पाहिल्या. शेवटी शेवटी तर मीच एखादा स्क्रू बसवू शकेन असं वाटायला लागलं. दुसऱ्याच्या तोंडात, अर्थात.

तर तो दिवस. आम्ही दोघं वेळेच्या आधी पोहोचलो. आतमध्ये मॅडम कुणाची तरी दाढ कोरत होत्या, घूंऽऽऽ असा आवाज येत होता. बाहेर मी, ही आणि कवळीची कड टोचते म्हणून आलेल्या एक आजी. टेबलापाशी शुभांगीबाई. नोकरीला नवीन, पाटील सरांना अजून पाहिलेलंही नव्हतं, पण दवाखान्याच्या व्यवस्थापक म्हणा, सर्वेसर्वा म्हणा.

शुभांगीबाई उठल्या. म्हणाल्या, "सरांना या नव्या जागेची गल्ली सापडायची नाही. मी कोपऱ्यावर जाऊन थांबते. काका, जरा लक्ष ठेवा हं." आणि गेल्या.

आता बघा. 'जरा लक्ष ठेवा' याचा अर्थ काय? सामान्य माणूस म्हणेल, मांजर आत येऊ देऊ नका. पण मी आयुष्यभर सरकारी कचेरीत काढलेला माणूस. साहेब जागेवरून उठून गेले आणि तुम्हाला लक्ष ठेवायला सांगितलं, याला आमच्या भाषेत चार्ज देणं म्हणतात!

मी चार्ज घेतला. टेबलाजवळच्या खुर्चीत जाऊन बसलो. मासिकं सारखी केली. पंखा एकानं कमी केला.

"अहो, इकडे येऊन बसा," ही म्हणाली.

"कामात आहे," मी म्हणालो.

एक सांगतो, माझ्या खिडकीसमोरची रांग कधी कुणी मोडली नाही. नगरसेवकाचा मेहुणा आला तरी त्याला शेवटी उभा केलाय मी. कचेरीत माझं नाव कुणाच्या लक्षात नसेल, पण माझी रांग सगळ्यांच्या लक्षात आहे. निवृत्तीच्या निरोप समारंभातही मी लोकांना रांगेनं हार घालायला लावले होते.

आणि तेवढ्यात एक गृहस्थ दार उघडून आत आले, मागच्या बोळातल्या जिन्यानं. चाळिशीचा माणूस. चौकडीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायांत सँडल, पाठीला भलीमोठी सॅक, कपाळावर घाम. आला तो सरळ आतल्या दाराकडे निघाला! इकडे नाही, तिकडे नाही, कुणाला विचारणं नाही.

"ओ! कुठे?" मी.

तो थबकला. "मॅडम आत आहेत ना? मला जरा—"

"आहेत. पेशंट घेतलाय. रांग आहे."

"नाही, म्हणजे मला मॅडमनीच बोलावलंय."

"मग आम्हाला काय रस्त्यावरून उचलून आणलंय? इथे प्रत्येकाला मॅडमनीच बोलावलंय. बसा."

त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. घूंऽऽऽ चालूच होतं. मग माझ्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, आणि सॅक उतरवून गुमान बसला. अशी माणसं मला आवडतात. सांगितलं की ऐकणारी.

"आत आहेत ते एक, मी दोन, या आजी तीन. तुमचा नंबर चौथा," मी म्हणालो. चार्ज घेतला की जबाबदारी येतेच.

"चौथा. बरं," तो म्हणाला, आणि खिशातून मोबाईल काढला. मी नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर मोबाईलला काट मारलेलं चित्र होतं. त्यानं निमूटपणे मोबाईल बंद केला आणि खिशात टाकला.

ही माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "अहो, कुणी कामाचा माणूस असेल. दात दाखवायला येणारा कधी एवढी सॅक घेऊन येतो का?"

"परगावचा दिसतोय. एसटीतून उतरून परस्पर आलाय. तुला माणसं ओळखता येत नाहीत."

"ते खरंय," ती म्हणाली, "लग्नाच्या वेळीच कळलं होतं." आणि जाग्यावर जाऊन बसली.

टेबलावरचा फोन वाजला. मी उचलला. चार्ज! शुभांगीबाई होत्या. "काका, सर वर आले का हो? त्यांचा मोबाईल बंद लागतोय."

"छे! कोणी आलेलं नाही," मी ठणकावून सांगितलं. "एक पेशंट तेवढा आलाय. घुसत होता, बसवलाय त्याला."

"बरं, मग मी थांबते इथेच कोपऱ्यावर."

मी फोन ठेवला. चौथ्या नंबरचा माणूस माझ्याकडे फार कौतुकानं बघत होता. तुम्ही म्हणाल, तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही? नाही पडला! कारण सर्जन कसा असतो ते मला ठाऊक होतं. सर्जन म्हणजे पिकलेले केस, सोनेरी काडीचा चष्मा, इस्त्रीचा सूट, आणि बॅग धरायला मागे दुसरा माणूस. सर्जनला घाम येत नाही. आणि सर्जन बस म्हटल्यावर बसत तर मुळीच नाही.

"तुमचं काय आज?" त्या माणसानं मला विचारलं. जरा सांगलीकडचा हेल होता बोलण्यात.

"इम्प्लांट," मी म्हणालो. 'आमचा चिरंजीव अमेरिकेत असतो' हे सांगायचा एक स्वर असतो ना? त्या स्वरात.

"अरे बापरे! लागतं का हो, काका?"

झालं. त्या एका प्रश्नानं माझी भीती पळाली. आपल्यापेक्षा घाबरलेला माणूस समोर बसला की किती बरं वाटतं! मी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"काही लागत नाही. पहिल्यांदा इंजेक्शन देतात. मुंगी चावल्यासारखं वाटतं. मग अर्धा चेहरा आपला राहत नाही, शेजाऱ्याचा होतो. मग हाडाला भोक पाडतात. भिंतीत फ्रेम लावायला गिरमिट फिरवतो की नाही आपण? अगदी तस्सं."

आजींनी कवळीसकट आवंढा गिळला.

"भिंत ठिसूळ असली तर?" त्यानं विचारलं. प्रश्न चांगला होता. मला विद्यार्थी आवडला.

"म्हणून तर आधी स्कॅन काढतात. स्क्रू पिळून पिळून घट्ट बसवतात, वर टाके घालतात. त्या दिवशी गरम काही खायचं नाही, खळखळून चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही. गालाला बाहेरून बर्फ लावायचा. सूज येते दोन-तीन दिवस, घाबरायचं नाही. थंड दूधभात खायचा. मग महिनोन्‌महिने वाट बघायची."

"कशाची?"

"हाडानं स्क्रूला आपलं म्हणण्याची. नव्या सुनेसारखं असतं ते. पहिले काही महिने कुणी तिला हलवायचं नाही. एकदा रुळली की सगळं घर तीच चावून खाते."

ही दुरून खाकरली.

"आणि हाडानं नाहीच धरलं तर, काका?"

"तर सर्जन नवशिका समजावा!" मी म्हणालो. "सगळं त्या सर्जनच्या हातात असतं. हात थरथरता नको. माणूस शिस्तीचा हवा. आमच्याच सर्जनचं बघा आता. केव्हाची वेळ दिलीय, अजून पत्ता नाही! सांगलीहून येतात म्हणे. अहो, सांगली काय चंद्रावर आहे? पुण्यात येऊन वेळ पाळता येत नसेल, तर या माणसाच्या हातात मी जबडा कसा द्यावा? तुम्हीच सांगा."

"अगदी बरोबर," तो गंभीरपणे म्हणाला. "फारच बेशिस्त माणूस दिसतो."

"बघा! परगावचे असून तुम्हाला कळतं."

एवढ्यात आतला घूं थांबला. दाढवाला पेशंट गाल धरून बाहेर पडला आणि त्याच्यामागून केतकी मॅडम आल्या, चेहरा काळजीत. "काका, मला वाटतं आज रद्दच करावं लागणार. सरांना संध्याकाळी हडपसरला दुसरी केस आहे. अजून पोहोचले नाहीत, फोनही—"

रद्द! हिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. माझ्या डोळ्यांसमोर पाण्यात ठेवलेली कवळी तरळली, नेने तरळले, नेन्यांचा आवाजही तरळला.

आणि मॅडमची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेली.

"सर?" मॅडम ओरडल्याच. "तुम्ही इथे काय करताय?"

तो गृहस्थ अदबीनं उठून उभा राहिला. म्हणाला, "मी? माझा नंबर चौथा आहे."

मंडळी, पंखा एकानं कमी केलेला असल्यामुळे ते वाक्य सगळ्यांना जरा जास्तच स्पष्ट ऐकू आलं. आजी तेवढ्या म्हणाल्या, "माझा तिसरा हं." त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं. मी चार्ज सोडून हळूच हिच्या शेजारी येऊन बसलो. ती भिंतीकडे बघून हसत होती. नुसते खांदे हलत होते.

"अहो सर, तुम्ही सांगायचं नाही का यांना?" मॅडम.

"सुरुवात केली होती," पाटील सर म्हणाले. "पण तुमच्या हातातलं काम संपायचंच होतं. आणि मला आमच्या गुरुजींनी सांगून ठेवलंय, पुण्यात कुणी रांगेत बस म्हटलं की आधी बसायचं आणि मग विचारायचं. शिवाय काका इतकं छान शिकवत होते! अर्ध्यातून उठावंसं वाटेना."

पळून जावं असं मला वाटलं. खरंच वाटलं. आतापर्यंत हाडाला भोक पाडणारा सर्जन अनोळखी होता, आता तो माझ्याच तोंडून स्वतःला नवशिका आणि बेशिस्त म्हणवून घेतलेला होता! पण आतलं दार सरांनी स्वतः उघडून धरलं. म्हणाले, "चला काका, नंबर दोन. मी आपला मधे घुसतोय, चालेल ना?"

तेवढ्यात आजींनी जोरात विचारलं, "म्हणजे हा मनुष्य रांग मोडून आत चालला की काय?" आणि मला, आयुष्यात पहिल्यांदा, रांग मोडणाऱ्याची बाजू घ्यावी लागली.

त्या खुर्चीत माणसाला आडवं करून चेहऱ्यावर हिरवं कापड टाकतात. तोंड तेवढं उघडं. बोलायची सोय संपली. अशा वेळी सर्जन बोलका निघावा, यासारखं दुर्दैव नाही.

"काका, ही मुंगी बरं का," इंजेक्शन देत सर म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आता शेजाऱ्याचा झाला का चेहरा? छान. मॅडम, जरा गिरमिट द्या. भिंत चांगली आहे हो काकांची, जुन्या बांधकामातली. काका, माझा हात थरथरतोय असं वाटलं तर संकोच करू नका, लगेच सांगा."

सांगणार काय? कप्पाळ! तोंडात दोन आरसे, एक नळी आणि दोन माणसांची बोटं होती. मला तिथल्या तिथे सुचलेली किमान सहा उत्तम उत्तरं गिळावी लागली. दुखलं ते एवढंच. बाकी तुम्हाला शपथेवर सांगतो, काही लागलं नाही. मी बाहेर त्याला सांगितलं होतं ते शब्द न्‌ शब्द खरं निघालं. याचा मला आजही अभिमान आहे. सर्जनला त्याचंच काम बिनचूक समजावून सांगणारा पेशंट सबंध पुण्यात दुसरा दाखवा!

टाके घालून झाल्यावर सरांनी कापड काढलं. म्हणाले, "सूनबाई बसल्या घरात. आता हलवायचं नाही." मी उजव्या हातानं नमस्कार केला. डावा हात मॅडमनी अजून सोडला नव्हता. म्हणजे, मीच मॅडमचा धरून ठेवला होता.

शुभांगीबाई? हो, त्या सगळा वेळ कोपऱ्यावर उभ्या होत्या! आम्ही घरी जायला निघालो तेव्हा दिसल्या. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक सुटातल्या माणसाला "सर का?" म्हणून विचारत होत्या. माझ्या तोंडात कापसाचा बोळा होता, म्हणून हिनं त्यांना सगळी हकिगत सांगितली. रस्त्यात थांबून, अभिनयासकट.

असो. हाडानं स्क्रूला धरलं, दात बसला, तुमच्यासमोर आहेच. शनिवारचं वाचन परत माझ्याकडे आलंय. परवा मी 'सहस्रशः' हा शब्द मुद्दाम दोनदा वाचला, एकही शिट्टी नाही! नेने पहिल्या रांगेत बसून ऐकतात.

पण वरचा दात बसवण्याआधी त्याचं माप घ्यावं लागतं, तेव्हाचं सांगायचं राहिलंच. महिने सरल्यावर शुभांगीबाईंचा फोन आला. "काका, शनिवारी तुमचं माप घ्यायचंय. तुम्हाला सगळ्यात पहिला नंबर ठेवलाय. थोडे आधीच या."

पहिला नंबर! न मागता! मी संघात चार जणांना सांगितलं. म्हटलं, झालं गेलं ते सोडा, पण शिस्तीच्या माणसाची किंमत शेवटी कळतेच लोकांना. कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बाहेर पाच-सहा जण ताटकळत बसलेले. मी सवयीनं शेवटच्या खुर्चीकडे वळलो, तर शुभांगीबाई लगबगीनं पुढे आल्या. "छे छे काका, तुम्ही बाहेर थांबायचं नाही. तुम्ही थेट आत!"

सगळ्यांच्या देखत, सगळ्यांच्या आधी, मी आत गेलो. खोटं कशाला बोलू, छान वाटलं. नगरसेवकाच्या मेहुण्याला काय वाटत असेल ते तेव्हा कळलं.

मॅडमनी मला खुर्चीत बसवलं. एका पत्र्याच्या ताटलीत गुलाबी लगदा कालवला आणि ती ताटली लगद्यासकट माझ्या वरच्या दातांवर दाबून बसवली. थेट टाळ्यापर्यंत. "हा घट्ट होईपर्यंत अगदी स्वस्थ बसायचं, काका. जागचं उठायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही."

मी मान डोलावली. केवढी बडदास्त!

तेवढ्यात शुभांगीबाईंनी दारातून डोकावून माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. हातातला फोन कानाला लावला, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या,

"हॅलो, पाटील सर? या आता वर, अगदी बिनधास्त. काकांच्या तोंडात माप भरून झालंय."